नावातले व्हेनिस आणि पाण्यातले व्हेनिस

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की, तिच्यात एक वाङ्मयीन सिद्धान्त दडलेला आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. सौंदर्य हे अंतराचे अपत्य असून जवळ जाताच त्याचा लोप होतो, आणि जवळून दिसते तेवढेच खरे, असा तो सिद्धान्त होय. प्रवासवर्णनांच्या प्रांतात तर त्याचे राज्य अबाधित आहे. एखाद्या विख्यात परदेशी नगरीची स्वप्ने तारुण्यात पाहावी, पुढे योग आला की तेथे जावे, आणि परत आल्यावर स्वप्न साकार झाले म्हणून तरी लिहावे किंवा स्वप्नभंग झाला म्हणून तरी लिहावे, ह्या दोनच वाटा बहुतेक लेखकांस ठाऊक असतात. पहिल्या वर्गातील लेखक खर्चिलेल्या द्रव्याची लाज राखण्याकरिता मार्गदर्शिकेतील विशेषणे स्वतःची म्हणून वापरतो. दुसऱ्या वर्गातील लेखक आपण भोळे नाही हे दाखविण्याकरिता उपहासाचा आश्रय करतो. परंतु दोघांचीही एक समजूत समान असते. नगरीने आपणांस काही वचन दिले होते आणि ते तिने पाळले अथवा मोडले, असे दोघेही मानून चालतात.

वस्तुतः हे वचन नगरीने दिलेले नसते. ते पुस्तकांनी दिलेले असते. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार प्रवाशांपेक्षा टीकाकारांनी करणे अधिक युक्त आहे. स्वप्न कोणी निर्माण केले, ते कोणत्या द्रव्यातून केले, आणि प्रत्यक्षाची गाठ पडल्यावर त्याचे काय झाले, हे पाहण्यास व्हेनिससारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. शेक्सपिअरच्या द्वारे हे नगर आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या वसत आलेले आहे, आणि यूरोपातील अनेक थोर लेखकांनी तेथे जाऊन आपल्या स्वप्नाची परीक्षा दिलेली आहे.

प्रथम लक्षात येते ते हे की, व्हेनिसचे स्वप्न रचणाऱ्यांपैकी कित्येकांनी व्हेनिस पाहिलेच नव्हते. शेक्सपिअर इटलीत गेल्याचा कोणताही पुरावा नाही. ‘उडॉल्फोची रहस्ये’ ह्या १७९४ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत व्हेनिसची चांदण्यातील वर्णने करणाऱ्या अ‍ॅन रॅडक्लिफ बाईंनी इटलीत पाऊल टाकले नव्हते. नेपोलियनच्या धाकाने १७९७ च्या मे महिन्यात ते प्राचीन लोकराज्य विसर्जित झाले, त्यावर वर्डस्वर्थने केलेले सुनीत १८०७ साली छापले गेले. परंतु कवीची व्हेनिसला भेट झाली ती १८३७ साली. मग ही सर्व रचना खोटी म्हणावी काय? माझ्या मते येथे सरसकट निर्णय देता येणार नाही. वर्डस्वर्थच्या सुनीताचा विषय थोर सत्तेचा अस्त हा आहे. तो अनुभवण्यास डोळ्यांपेक्षा इतिहासबुद्धी लागते, आणि ती कवीपाशी होती. रॅडक्लिफ बाईंच्या चांदण्याची गोष्ट वेगळी. ते कोणत्याही नगरावर पसरता येण्याजोगे आहे, आणि म्हणूनच ते कोणत्याच नगराचे नाही.

शेक्सपिअरचे उदाहरण सर्वांत उद्बोधक आहे. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ वर्गात शिकविताना विद्यार्थी चित्रातले कालवे आणि गोंडोले डोळ्यांसमोर आणतात. पण नाटकात शोधू गेल्यास गोंडोल्याचा उल्लेख जाता जाता येतो आणि कालव्यांचे वर्णन मुळीच येत नाही. येतो तो कायदा. नगराचा व्यापार सर्व राष्ट्रांतील लोकांवर अवलंबून असल्यामुळे ड्यूकलाही कायदा मोडता येणार नाही, हे खुद्द अँटोनिओच सांगतो. ‘ऑथेल्लो’तही तेच. सेनापती परका असला तरी चालेल, नव्हे, लढाईकरिता तो हवाच. त्याला घरी बोलावून त्याच्या पराक्रमाच्या कथाही ऐकाव्या. परंतु तो जामात म्हणून नको, ही ब्रबँशिओची वृत्ती व्यापारी राज्याच्या मर्मावर बोट ठेवते. देवलांनी १८९० साली ‘झुंझारराव’ रचताना नावे, वेष आणि स्थळ एतद्देशीय केले, आणि मत्सराची शोकांतिका मराठी प्रेक्षकांच्या हृदयास जाऊन भिडली. ह्यावरून मत्सरास स्थळाचे बंधन नसते हे सिद्ध होते. परंतु परक्याच्या शौर्यावर जगणारे आणि परक्याला पंक्तीस न घेणारे ते नगर मात्र रूपांतरात मागे राहिले. न पाहिलेल्या व्हेनिसचे वास्तव शेक्सपिअरने दृश्यात न शोधता व्यवहारात शोधले. म्हणून त्याचे नाटक मनात ठेवून तेथे जाणाऱ्याचा स्वप्नभंग होण्याचे कारण नाही. होत असेल तर त्याने नाटक वाचण्याऐवजी नुसते नाव वाचले असे म्हणावे लागेल.

नाव वाचण्याची ही सवय लाविली ती बायरनने. तो १८१६ च्या अखेरीस व्हेनिसला आला आणि ‘चाइल्ड हॅरॉल्ड’चा चौथा सर्ग १८१८ साली प्रसिद्ध झाला. बालपणापासून हे नगर आपल्यास प्रिय होते आणि शेक्सपिअर, रॅडक्लिफ प्रभृतींनी त्याची प्रतिमा आपल्यावर ठसविली होती, हे तो त्या सर्गात मोकळेपणाने सांगतो. एका बाजूस राजवाडा आणि दुसऱ्या बाजूस तुरुंग अशी त्याने उभी केलेली उसाशांच्या पुलाची मूर्ती पुढे असंख्य प्रवाशांनी पाठ केली. परंतु ह्याच कवीने त्याच वर्षी ‘बेप्पो’ हे खट्याळ काव्य प्रसिद्ध केले. त्यात कार्निव्हलचा धुमाकूळ आहे, नवऱ्याबायकांच्या कुचाळक्या आहेत, आणि ज्या गोंडोल्यावर रसिक जीव ओवाळून टाकतात त्याला शवपेटीची उपमा दिलेली आहे. एकाच कवीने एकाच वर्षात दोन्ही व्हेनिसे दिली. वाचकांनी उसासे तेवढे घेतले आणि हसे टाकून दिले. स्वप्नाचा दोष सर्वस्वी कवीच्या माथी मारणे न्याय्य नाही, तो ह्यासाठी.

बायरनी स्वप्नावर पहिला निकराचा हल्ला रस्किनने केला. ‘व्हेनिसचे पाषाण’ ह्या १८५१ ते १८५३ ह्या काळात निघालेल्या तीन खंडांसाठी त्याने दोन हिवाळे त्या नगरात घालवून कमानी, स्तंभ आणि तळखडे हाताने मोजले. उसाशांचा पूल इसवी सन १६०० च्या सुमाराचा आहे, आणि ज्याच्याविषयी सहानुभूती वाटावी असा एकही स्मरणीय कैदी त्यावरून गेलेला नाही, हे त्याने कठोरपणे बजाविले. रिआल्टोचा आजचा दगडी पूल १५९१ साली पुरा झाला. तेव्हा व्हेनिसच्या वैभवकाळातील व्यापाऱ्यांनी तो पाहिलाही नव्हता. हे काम अत्यंत मोलाचे होते. तथापि स्वप्नाचा शत्रू म्हणून पुढे आलेला हा पुरुष स्वतः दुसरे स्वप्न मागे ठेवून गेला. गॉथिक शिल्प म्हणजे श्रद्धा आणि सदाचार, पुनरुज्जीवनाचे शिल्प म्हणजे गर्व आणि अधःपात, असे समीकरण त्याने मांडले. आणि मग यात्रेकरू बायरनऐवजी रस्किन काखेत मारून हिंडू लागले. त्याच्या ग्रंथात दगड बोलतात, पण त्या दगडांच्या आड राहणाऱ्या माणसांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. मोजमाप केले म्हणजे वास्तव हाती आले असे नव्हे, हा धडा रस्किनपासून घेण्यासारखा आहे.

ह्याच्या उलट उदाहरण जर्मन कवी गटे याचे. तो रस्किनच्या कितीतरी आधी, २८ सप्टेंबर १७८६ रोजी, नावेतून व्हेनिसला पोहोचला, आणि आपल्या प्रवासग्रंथात त्याने दिवसाबरोबर वेळही नोंदविली. पहिला गोंडोला जवळ येताच त्याला एक खेळणे आठवले. त्याच्या वडिलांनी इटलीहून आणलेली गोंडोल्याची एक प्रतिकृती घरी होती. ती फार जपून ठेवलेली असे आणि मुलाला ती कधीकाळी हाती मिळे. वीस वर्षे विसरलेले ते खेळणे खऱ्या पाण्यावर तरंगत समोर आले. स्वप्न आणि प्रत्यक्ष यांची इतकी निर्मळ भेट वाङ्मयात विरळा. व्हेनिस हा आता पोकळ शब्द राहिला नाही, याबद्दल गटे देवाचे आभार मानतो. कारण अर्थावाचून घुमणाऱ्या शब्दांचा त्याला मनस्वी तिटकारा होता.

आणि पुढे तो काय करतो? घंटेच्या मनोऱ्यावर चढून आयुष्यात प्रथमच समुद्र पाहतो. किनाऱ्यावरचे खेकडे आणि शिंपले न्याहाळतो. गल्ल्यांतील घाण पाहून त्रस्त होतो. फरसबंदीचा उतार चांगला आहे, कचरा होड्यांतून वाहून नेता येण्याजोगा आहे, मग ही अस्वच्छता कशासाठी, असे म्हणून नगराच्या सफाईचे नियमच मनाशी रचू लागतो! शेवटी, मनुष्याला दुसऱ्याचे अंगण झाडण्याची हौस फार, असा स्वतःलाच चिमटा काढून तो पुढे जातो. येथे घाण दिसली म्हणून गोंडोल्याचा आनंद ओसरत नाही, आणि गोंडोल्याच्या आनंदात घाण लपविली जात नाही. गटेला नगर मनुष्यांनी राबून उभारलेली व चालविलेली वस्तू म्हणून दिसते. ज्याला असे दिसते, त्याच्या स्वप्नाला भंगण्याचे भय राहत नाही.

स्वप्न दुसऱ्या टोकाला गेले म्हणजे काय होते, हे टॉमस मान याने १९१२ सालच्या ‘व्हेनिसमधील मृत्यू’ ह्या दीर्घकथेत दाखविले. आशेनबाख हा प्रौढ, शिस्तीचा लेखक रेल्वेने न जाता मुद्दाम जलमार्गाने येतो. कारण स्थानकातून व्हेनिसमध्ये शिरणे म्हणजे राजवाड्यात मागील दाराने शिरणे, असे त्याला वाटते. नगरात पटकी पसरलेली असते. प्रवासी पळून जातील ह्या भीतीने अधिकारी ती दडवितात. गल्ल्यांतून जंतुनाशकाचा वास येतो आणि विचारणाऱ्यास गोड उत्तरे मिळतात. अखेर एका प्रवासकचेरीतील इंग्रज कारकून त्याला सत्य सांगतो. तरीही तो राहतो. एवढेच नव्हे, तर ते गुपित आपणही पाळतो. ह्या कथेचा मर्मभेद असा की, स्वप्न विकणारे नगर आणि स्वप्न विकत घेणारा पाहुणा हे दोघे येथे एका असत्याचे भागीदार आहेत. वास्तव न दिसल्यामुळे आशेनबाखचा नाश होत नाही. दिसूनही त्याला ते नको असते, म्हणून होतो.

ह्या विषयाचा सर्वांत खोल तळ गाठला तो फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त याने. त्याच्या महाकादंबरीच्या १९१३ साली निघालेल्या पहिल्या भागातील बालनायक व्हेनिस ह्या नावावरच जगतो. आगगाडीचे वेळापत्रक त्याला काव्यासारखे वाटते. आणि जाण्याचे निश्चित होताच आनंदातिरेकाने त्याला असा ज्वर चढतो की वैद्य प्रवासाची बंदी करतात. प्रत्यक्ष भेट घडते ती फार पुढे, लेखकाच्या मृत्यूनंतर १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात. आईसह गेलेला नायक सकाळी खिडकी उघडतो तेव्हा मनोऱ्यावरील सोनेरी देवदूत उन्हात झळकत असतो, आणि त्याला आठवते ते आपल्या आजोळच्या गावातील देवळाचे शिखर! पुढे आईशी रुसून तो एकटाच मागे राहतो आणि ती स्थानकाकडे जाते. त्या क्षणी नगराचे सारे नाव गळून पडते. राजवाडे म्हणजे संगमरवराचे ढीग आणि कालवे म्हणजे रसायनशाळेतले पाणी होऊन बसते. आणि १९२७ च्या शेवटच्या खंडात, पॅरिसमधील एका अंगणात उंचसखल फरशांवर पाऊल अडखळताच, सेंट मार्कच्या मंदिरातील तशाच फरशांसह अवघे व्हेनिस परत येते; पूर्वी कधी नव्हते इतके सत्य होऊन.

म्हणजे प्रूस्तच्या मते नावातले व्हेनिस आणि पाण्यातले व्हेनिस ह्या दोहोंपलीकडे एक तिसरे असते. आणि ते पहिल्या दोहोंवाचून जन्मास येत नाही. स्वप्न पाहिले नसते तर नायक गेला नसता. भंग झाला नसता तर आठवण एवढी खोल रुजली नसती. ‘दुरून डोंगर साजरे’ ह्या सिद्धान्ताचे अपुरेपण येथे उघड होते. डोंगर चढून उतरल्यावर, पायांच्या ठणक्यासह जो मनात राहतो, त्याचा हिशेब त्या म्हणीत नाही.

हा विचार केवळ रसिकांच्या करमणुकीचा नाही. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी भरतीचे पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढून व्हेनिस बुडाले, तेव्हा जग हळहळले. परंतु दुसरी ओहोटी कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. १९५१ साली ह्या पुरातन नगरात सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ साली ती संख्या पन्नास हजारांच्या खाली आली. त्याला कारणे अनेक आहेत. पण राहती घरे पाहुण्यांच्या खोल्या झाली आणि वाणसामानाच्या दुकानांत मुखवटे विकावयास आले, हे त्यांतील एक ठळक कारण होय. २०२४ च्या एप्रिलपासून ठराविक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून ५ युरो प्रवेशशुल्क घेण्यास आरंभ झाला. तिकीट काढून आत जावयाचे ते प्रदर्शन, अशी आपली सामान्य समजूत आहे. मानच्या कथेत नगर पाहुण्याला फसवीत होते. आता पाहुण्यांच्या स्वप्नाखाली नगरवासीच दबून बाहेर पडत आहेत.

म्हणून मराठी प्रवासलेखकांकडून एक अपेक्षा बाळगावीशी वाटते. त्यांनी स्वप्ने टाकून जावे असे मी म्हणणार नाही; स्वप्नावाचून गेलेल्यास काहीच दिसत नाही. कृष्णाकाठच्या वाईचे घाट व्हेनिसच्या पायऱ्यांवर आठवले तर त्याचीही लाज वाटण्याचे कारण नाही. प्रूस्तला सोनेरी देवदूतात आपले गाव दिसले, ते त्याच्या दृष्टीच्या सच्चेपणामुळे. मात्र नगरीकडे वचनपूर्तीचा तगादा लावणे त्यांनी सोडावे. तेथे सकाळी कचरा कोण उचलतो, दूध कोणत्या होडीतून येते, संध्याकाळी दिवे किती खिडक्यांत लागतात, हे गटेच्या कुतूहलाने पाहावे, आणि मग लिहावे. असे लिहिलेले पुस्तक वाचून जो तेथे जाईल त्याच्याशी कोणीही खोटे बोललेले नसेल. आणि जो कधीच जाऊ शकणार नाही, त्याच्याही हाती पोकळ नावापेक्षा अधिक काही पडेल.