असंवर्धित जिवाणूंचे नामकरण : कुष्ठजंतूच्या संदर्भात एक चिकित्सा

जिवाणूच्या नव्या जातीचे नाव ग्राह्य ठरण्यासाठी तिचे जिवंत शुद्ध संवर्धन दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवलेले असावे, ही अट आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेने 2001 पासून लागू केली. प्रयोगशाळेत न वाढणाऱ्या जिवाणूंसाठी मरे व श्लायफर यांनी 1994 मध्ये 'कँडिडेटस' हा दर्जा सुचविला होता. परंतु तो म्हणजे मान्यताप्राप्त नाव नव्हे. जनुकीय अनुक्रमालाच प्रमाण-नमुना मानण्याचा प्रस्ताव 2020 मध्ये संबंधित समितीने फेटाळला, आणि 2022 मध्ये 'सीक-कोड' ही स्वतंत्र संहिता पुढे आली. या वादात संवर्धनाचा आग्रह धरणारा पक्ष शिस्तीचा व दुसरा उतावळा, असे चित्र सहसा रंगविले जाते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपट्ट्यात दीर्घकाळ ठाण मांडून बसलेल्या कुष्ठरोगाचा इतिहास मात्र या चित्राला दुजोरा देत नाही.

हॅन्सेन यांना 1873 मध्ये रुग्णांच्या ऊतींत दिसलेला कुष्ठजंतू आजतागायत कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढलेला नाही. तरीही 'मायकोबॅक्टेरियम लेप्री' हे नाव 1980 च्या मान्य नामसूचीत आहे. रोगकारक म्हणून ज्याची ओळख आधीच रूढ झाली होती, त्याला संहितेने सामावून घेतले. वनातील मातीत निमूटपणे जगणाऱ्या जिवाणूंना ती सवलत नाही.

संवर्धनासाठी प्रयत्न कमी झाले नाहीत. वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांनी या जंतूच्या वाढीच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केल्याची नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते. जंतू तेथेही रुजला नाही. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात बापट, रणदिवे व खानोलकर यांनी 1958 मध्ये कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून एक जिवाणू वाढविला. त्यापासून पुढे लसही तयार झाली. परंतु 'आयसीआरसी' नावाने ओळखला गेलेला तो जिवाणू मायकोबॅक्टेरियम एव्हियम-इंट्रासेल्युलेअर या वेगळ्या समूहातील असल्याचे नंतर आढळले. संवर्धन हाती असूनही ओळख निसटते, याचे याहून बोलके उदाहरण मराठी मुलखात शोधावे लागणार नाही.

उलट, 2001 मध्ये कोल व सहकाऱ्यांनी तामिळनाडूतील रुग्णापासून मिळालेल्या व आर्मडिलोत वाढविलेल्या कुष्ठजंतूचा संपूर्ण अनुक्रम प्रसिद्ध केला. त्यात कार्यक्षम जनुकांचा वाटा निम्म्याहून कमी निघाला; अकराशेहून अधिक जनुके मोडकळीस आलेली. हा जंतू स्वतंत्रपणे का जगू शकत नाही, याचा उलगडा संवर्धनाने नव्हे, अनुक्रमाने होऊ लागला.

अर्थात संवर्धनाचा पक्ष पोकळ नाही. औषधांचा परिणाम जिवंत जंतूवरच तपासावा लागतो. कुष्ठजंतूबाबत 1960 पासून ही सोय शेपर्ड यांच्या उंदराच्या पावलातील पद्धतीने झाली, तीही महिनोन्‌महिने लागणारी. शिवाय मातीच्या नमुन्यातून जुळविलेल्या जनुकसंचात दोन जातींचे तुकडे एकत्र सांधले जाण्याचा धोका असतो. पण तो धोका अनुक्रमाच्या गुणवत्तेचे निकष कडक करून आवरावयाचा आहे. त्यासाठी नावच नाकारल्यास ताडोबाच्या मातीतील बहुसंख्य जिवाणू संशोधन-निबंधांत केवळ संकेतांकांनी वावरत राहतील, आणि एकाच जिवाणूला दोन प्रयोगशाळांत दोन संकेतांक मिळाल्याचे कोणाच्या ध्यानातही येणार नाही.