बाण-सुडोकूतील बेरजेचा नियम : एक चिकित्सा

सुडोकू हे अंकांचे कोडे असले तरी ते गणिताचे कोडे नव्हे. १९७९ मध्ये अमेरिकेतील डेल प्रकाशनाच्या नियतकालिकात ते 'नंबर प्लेस' या नावाने अवतरले, १९८४ मध्ये जपानमधील निकोलीने ते स्वीकारले आणि २००४ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मुळे ते जगभर रूढ झाले. या साऱ्या प्रवासात १ ते ९ ही केवळ नऊ चिन्हे राहिली. त्यांच्या जागी नऊ मुळाक्षरे योजली असती तरी कोड्यात काहीही बिघडले नसते. बेरीज-वजाबाकीला भिणाऱ्या वाचकालाही हे कोडे आपले वाटले, त्याचे एक कारण येथे आहे.

बाण-सुडोकू या स्थितीला छेद देते. एका घरात वर्तुळ असते व त्यातून बाण निघतो. बाणावरील अंकांची बेरीज वर्तुळातील अंकाइतकी असावी, एवढाच जादा नियम. अंकाला मूल्य मिळाले की त्याचे वर्तनही बदलते. ३ × ३ च्या एकाच चौकोनात तीन घरांचा बाण असेल, तर त्यावरील किमान बेरीज १ + २ + ३ म्हणजे ६ होते. म्हणून वर्तुळात ६ ते ९ हेच अंक संभवतात. बाणावर ७, ८, ९ कधीच येऊ शकत नाहीत. शक्य असलेल्या सात त्रिकुटांपैकी सहांत १ असतोच. अपवाद फक्त २, ३, ४ चा. एकही अंक दिलेला नसताना इतके निष्पन्न होते. असे दोन स्वतंत्र बाण मात्र एका चौकोनात मावत नाहीत. सहा भिन्न अंकांची बेरीज किमान २१ होते आणि दोन वर्तुळे मिळून १७ च्या पुढे जात नाहीत.

भारतीय परंपरेला बेरजेची चौकट अपरिचित नाही. नारायण पंडिताच्या 'गणितकौमुदी'त (१३५६) भद्रगणिताचे सविस्तर विवेचन आहे. परंतु तेथे प्रत्येक ओळीची बेरीज समान असते व ती आधी ठाऊक असते. येथे बेरीज हीच शोधावयाची वस्तू आहे.

अलीकडे या नियमाची अनेक असाधारण रूपे रचली जातात. त्यांतील एका रूपात वर्तुळाऐवजी दोन घरांचा लांबट कोश असतो व त्यातील अंक मिळून दोन अंकी संख्या वाचावयाची असते. सुडोकूत शून्य नसल्याने १०, २०, ३० या संख्या आपोआप बाद होतात. ही खुबी सुंदर आहे. पण ती एकदाच उपयोगी पडते. चार घरांच्या सरळ बाणावरील बेरीज ३० पर्यंतच जाते, म्हणून दशकस्थानी १ किंवा २ एवढेच उरतात. त्यानंतर सोडवणाऱ्याच्या वाट्याला बहुतांशी शक्यतांची यादी येते. तर्काची जागा हिशेबनिसाने घेतली, असा आक्षेप या प्रकारावर घेतला जातो तो निराधार म्हणता येणार नाही.

दुहेरी बाणाचा प्रकार मात्र वेगळ्या प्रतीचा आहे. रेषेच्या दोन्ही टोकांना वर्तुळे असतात व त्या दोन अंकांची बेरीज मधल्या अंकांच्या बेरजेइतकी असते. साध्या बाणातील 'वर्तुळात मोठा अंक' ही खात्री येथे नाहीशी होते. १ व ९ टोकांना आणि २, ३, ५ मध्ये, अशी रचनाही वैध ठरते. पण गेलेल्या खात्रीच्या बदल्यात एक खोल खात्री मिळते : संपूर्ण रेषेची बेरीज नेहमी सम असते. एकाच आडव्या ओळीतील सलग सात घरांवर अशी रेषा असेल, तर ओळीची एकूण बेरीज ४५ असल्याने उरलेल्या दोन घरांत एक सम व एक विषम अंक आलाच पाहिजे. शिवाय मधल्या पाच घरांची बेरीज किमान १५ होत असल्याने टोकांना मोठे अंक लागतात आणि १, २, ३ हे तिन्ही मधल्या पाच घरांतच अडकतात. हे शोधण्यास कोणतीही यादी पाठ असावी लागत नाही.

नियमाच्या विधानापेक्षा त्याचे परिणाम दूरवर जातात की नाही, ही कसोटी लावल्यास दुहेरी बाण उजवा ठरतो. एका चौकटीत चार-पाच नियम एकत्र रचण्याची आजच्या काही रचनाकारांची हौस या कसोटीवर उतरतेच असे नाही. बाणावर अंकांची पुनरावृत्ती चालते की नाही, एवढी मूलभूत बाबही काही कोड्यांच्या सूचनांत मोघम राहते. बाण एका चौकोनातून दुसऱ्यात वळत असेल तर त्या एका वाक्याअभावी सारे अनुमान कोसळते.