संदिग्ध शेवट कोणाच्या सोयीचा?

'देवमाणूस' ही झी मराठीवरील मालिका २०२१ च्या ऑगस्टमध्ये संपली आणि सातारा-सांगलीकडे चहाच्या टपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत एकच वाद सुरू झाला : तो डॉक्टर खरोखर मेला की वाचला? पदवीच्या वर्गातली मुलेही ह्याच प्रश्नावर भांडत होती. त्या सगळ्या भांडणात एकदाही, मारल्या गेलेल्या बायकांपैकी एकीचेही नाव माझ्या कानावर आले नाही. ह्या लेखाचे कारण तेच आहे.

काही मित्र म्हणतात की, शेवट मोकळा ठेवणे हे कलेचे लक्षण आहे. त्यामुळे प्रेक्षक विचार करतो. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. अमेरिकेतल्या 'द सोप्रानोज' ह्या गुन्हेगारी मालिकेचा अखेरचा भाग २००७ च्या जूनमध्ये मधेच पडदा काळा करून संपला आणि त्याचा अर्थ लोक आजही लावत बसतात. परंतु मोकळ्या शेवटाची एक कसोटी असते. तो प्रेक्षकाच्या हाती कोणता प्रश्न देऊन जातो? 'देवमाणूस'ने दिलेला प्रश्न फक्त खुनी जगला की नाही एवढाच होता. त्याचे उत्तरही वाहिनीने लवकरच दिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसरे पर्व आले, तोच नट परत आला. २०२५ मध्ये तर 'मधला अध्याय' ह्या नावाने तिसरी आवृत्ती निघाली. ज्याला आपण शेवट समजून अर्थ लावीत होतो, तो धंद्याने मधेच ठेवलेला खुंटा होता. पुढच्या हंगामाची दावण त्यालाच बांधायची होती.

मालिकेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. सातारी बोली तिने घरोघर नेली. किरण गायकवाड यांचा अभिनय कसदार आहे. गोड बोलणाऱ्या डॉक्टरवर गाव कसे भाळते, हेही तिने नेमके दाखवले. परंतु ज्या प्रकरणाची सावली ह्या कथेवर आहे, त्याकडे वळून पाहा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये वाईजवळच्या धोम येथे डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसाला अटक झाली. पाच बाया आणि एक पुरुष अशा सहा जणांच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आला. त्यांतली पहिली बाई २००३ मध्ये नाहीशी झाली होती. म्हणजे तेरा वर्षे माणसे नाहीशी होत राहिली, घरचे वाट पाहत राहिले, आणि कागदावर 'बेपत्ता' हा एकच शब्द राहिला. तपास हलला तो अंगणवाडी सेविकांची संघटना चालवणारी एक बाई नाहीशी झाली तेव्हा.

खरी कादंबरी इथे आहे. तेरा वर्षे हे कसे चालले? कोणाची तक्रार ऐकली जाते आणि कोणाची दप्तरात पडून राहते? संघटना पाठीशी असलेली बाई आणि एकटी बाई ह्यांच्या नाहीसे होण्यात फरक का पडतो? मालिकेने हे प्रश्न विचारले असते, तर तिचा शेवट कितीही मोकळा राहिला असता तरी आम्ही तिच्या बाजूने उभे राहिलो असतो.

आपल्याला तर संदिग्ध शेवटाची सवय फार जुनी आहे. ह्याच सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या कुळकजाई येथे, २००७ मध्ये विहीर खोदण्याच्या वादातून एका बौद्ध शेतकऱ्याची हत्या झाली. २०१० मध्ये साताऱ्याच्या न्यायालयातून सर्व आरोपी निर्दोष सुटले. माणूस मेला, हे निश्चित. मारणारा कोण, हे मात्र निकालानंतरही कोरेच राहिले. ह्या शेवटावर कोणी चहा पीत वाद घातला नाही. त्याचे दुसरे पर्व निघाले नाही. मध्यमवर्गीय प्रेक्षकाला संदिग्धता ही चव वाटते. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याला ती शिक्षा असते, आणि ती त्यालाच भोगावी लागते.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात, वाटेगावात जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ मध्ये 'फकिरा' दिली. तीही गुन्ह्याचीच कथा आहे. ज्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्या काळातली. परंतु उपाशी माणसांसाठी खजिना लुटणारा फकिरा आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतः सरकारच्या स्वाधीन होतो, तेव्हा वाचकाच्या मनात गुन्हेगार कोण ह्याविषयी धूसर काही उरत नाही. त्या शेवटाने वाचकावर जबाबदारी टाकली आहे. ती टाकण्यासाठी अण्णा भाऊंना कोडे घालावे लागले नाही.

तेव्हा शिक्षक मित्रांना आणि विद्यार्थ्यांना एकच सांगणे आहे. मालिका पाहू नका, असे मी म्हणत नाही. पाहा, आणि शेवटावर वाद जरूर घाला. फक्त वादाचा पहिला प्रश्न बदला. खुनी कुठे गेला हे नंतर पाहू. ज्या नाहीशा झाल्या, त्यांना इतकी वर्षे कोणी शोधले नाही, हे आधी विचारा. आणि आपल्यापैकी जो लिहू शकतो, त्याने कथा तिथून सुरू करावी.