संगमानंतर नाव कोणाचे?

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. प्रीतिसंगमावर उभे राहून पाहणाऱ्याला दोन्ही नद्या बरोबरीच्या वाटतात. पण तिथून पूर्वेकडे वळणाऱ्या प्रवाहाला सगळे कृष्णाच म्हणतात. कोयनेचे पाणी पुढे सांगलीपर्यंत जाते. नाव कराडलाच थांबते.

टपाल, तार, दूरध्वनी, नभोवाणी, चित्रवाणी आणि छापील मजकूर हे वेगवेगळे प्रवाह एकाच डिजिटल जाळ्यात मिसळण्याला इंग्रजीत ‘कन्व्हर्जन्स’ म्हणतात. या विषयावर गेल्या चाळीस वर्षांत जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक पाण्याविषयी आहे: वेग किती, क्षमता किती, उद्या कोणती नवी सेवा येणार. संगमानंतर नाव कोणाचे, म्हणजे कोणत्या प्रवाहाचा कायदा आणि रिवाज पुढे चालणार, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. मराठीत आपण त्याला ‘अभिसरण’ म्हणू लागलो आणि घोटाळा थोडा वाढवला. अभिसरण आपल्या कानाला रक्ताभिसरणामुळे परिचित; म्हणजे फिरत राहणे, सगळीकडे पोचणे. पण त्याच धातूपासून आलेली अभिसारिका कोणाच्या तरी घरी निघालेली असते. कोण कोणाकडे निघाले आहे, हा प्रश्न त्या शब्दातच आहे.

तो प्रश्न सर्वांत नेमकेपणाने विचारला तो इथिएल द सोला पूल या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने. एमआयटीत शिकवणाऱ्या पूलचे ‘टेक्नॉलॉजीज ऑफ फ्रीडम’ हे पुस्तक १९८३ साली आले आणि पुढच्याच वर्षी तो वारला. इंटरनेट तेव्हा प्रयोगशाळांपुरते होते. तरीही हे पुस्तक आज वाचताना नंतरची ढीगभर भविष्यकथने शिळी वाटतात. पूलचे म्हणणे असे की अमेरिकी कायद्यात दळणवळणाच्या तीन वेगळ्या परंपरा आहेत. पहिली छापखान्याची: कोणीही छापावे, परवाना लागत नाही. दुसरी वाहतुकीची: टपाल आणि दूरध्वनी यांनी येईल त्याचा निरोप, सर्वांना सारख्या दराने, भेदभाव न करता पोचवायचा, एसटीने तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला गाडीत घ्यावे तसे. तिसरी प्रक्षेपणाची: लहरी थोड्या, म्हणून परवाना, अटी आणि सरकारी देखरेख. हे तिन्ही प्रवाह संगणकाच्या जाळ्यात एक झाले तर कायदा तिसऱ्या परंपरेचा लागेल आणि छापखान्याने तीन-चारशे वर्षांत मिळवलेले स्वातंत्र्य कोणी हिरावून न घेताही विरघळून जाईल, ही त्याची भीती होती.

वाङ्मयीन मासिकाच्या वर्गणीदाराने या वादात का पडावे? कारण ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली काढलेल्या पहिल्या दिवाळी अंकापासून आपली नियतकालिके यांतल्या पहिल्या दोन परंपरांच्या आधाराने जगली. १९१० च्या प्रेस कायद्यासारखे फास मध्ये आले, हे खरेच. पण टपाल खाते अंकातली कथा बरी की वाईट हे विचारत नाही. ते वजन पाहते, नोंदणी क्रमांक पाहते आणि अंक पोचवते. संपादकाने निवड करावी आणि पोस्टमनने करू नये, ही कामाची वाटणी आपण इतकी गृहीत धरली आहे की ती कायद्याने घडवलेली गोष्ट आहे हेच विसरलो.

पूल ज्याला भीत होता, ती भारतात सुरुवातच होती. १८८५ च्या तार कायद्याने ‘तार’ या गोष्टीवरचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला आणि व्याख्या इतकी सैल केली की पुढे दूरध्वनी, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि शेवटी इंटरनेट असे सारे तिच्यात मावले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते याच छत्राखाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. सगळ्या जाळ्यांसाठी एकच आयोग नेमणारे ‘कम्युनिकेशन कन्व्हर्जन्स’ विधेयक २००१ साली लोकसभेत आले आणि मंजूर न होताच ती लोकसभा विसर्जित झाली.

चुकीच्या प्रवाहाचे नाव पुढे चालले तर काय होते, याचे उदाहरण आपल्या अंगणातले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला आणि त्या ओळींना पसंती दिल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ तेव्हा सर्वांच्या तोंडी झाले. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, याची आठवण सर्वांना आहे. त्या निकालपत्रातली एक नोंद मात्र फारशी वाचली गेली नाही. न्यायालयाने या कलमाची वंशावळ शोधली आणि ती ब्रिटनच्या १९३५ च्या पोस्ट ऑफिस दुरुस्ती कायद्यापर्यंत नेली. टेलिफोनवरून अश्लील किंवा धमकीवजा बोलून कोणाला छळू नये, यासाठी केलेली ती तरतूद. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जाणाऱ्या तारेसाठी बेतलेले शब्द फिरत फिरत भारतात आले आणि चव्हाट्यावर केलेल्या लेखनाला लागू झाले. लिखाण छापील असते तर ते कलम लागलेच नसते. त्या मुलींनी पत्र लिहिले होते, लेख लिहिला होता की भाषण प्रक्षेपित केले होते? तिन्हींचे थोडे थोडे. कायद्याला त्यात फक्त टेलिफोन दिसला.

सरकारकडून येणाऱ्या संकटाबाबत पूल असा बरोबर ठरतो. तो कमी पडतो ते दुसऱ्या बाजूला.

नव्वदच्या दशकात जाळ्यांच्या भविष्याबद्दल दोन मते होती. टेलिफोन कंपन्यांना ‘हुशार’ जाळे हवे होते: सेवा कोणती, दर काय, हे मध्यवर्ती यंत्रणा ठरवील. इंटरनेटवाल्यांचे मत उलट. जाळे मठ्ठ असावे, त्याने फक्त पाकिटे वाहावीत, अक्कल दोन्ही टोकांना असावी. डेव्हिड आयझेनबर्गने १९९७ साली ‘मठ्ठ जाळ्या’चा पुरस्कार करणारा निबंध लिहिला तेव्हा तो स्वतः एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत नोकरीला होता, ही त्यातली गंमत. मठ्ठ जाळे जिंकले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले ते निव्वळ ४जी घेऊन. तिथे माणसाचा आवाजदेखील डेटाच होता. पण टोकांना गेलेली अक्कल सर्व टोकांना सारखी गेली नाही. ती मोजक्या चार-पाच टोकांना जाऊन साचली.

‘वेब सर्व्हिसेस’ या संज्ञेचा इतिहास याच साचण्याचा आहे. २००० च्या सुमारास तिला नेमका अर्थ होता: एका संस्थेच्या संगणकाने दुसऱ्या संस्थेच्या संगणकाला, सर्वांना ठाऊक असलेल्या नियमांनी काम सांगणे. त्यासाठी रचलेल्या ‘सोप’ या पद्धतीत निरोपाच्या बाहेरच्या आवरणाला चक्क ‘लिफाफा’ म्हणत. कोणाकडे कोणती सेवा मिळते याची ‘यूडीडीआय’ नावाची सार्वजनिक नोंदवही होती आणि तिच्यात टेलिफोन डिरेक्टरीसारखी पांढरी, पिवळी, शिवाय हिरवीही पाने कल्पिली होती. टपाल आणि टेलिफोन यांची सभ्यता संगणकाच्या जगात नेण्याचा तो प्रयत्न होता, असे मी म्हणेन. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी चालवलेली ती सार्वजनिक नोंदवही जानेवारी २००६ मध्ये बंद झाली. पद्धत बोजड होती, वापरणारे थोडे होते, ही कारणे खरी आहेत. पण तिच्या जागी जे आले ते पाहा. आता प्रत्येक मोठ्या कंपनीचा स्वतःचा दरवाजा आहे आणि किल्ली तिच्याच हाती आहे. ट्विटरने २०२३ मध्ये हा दरवाजा फुकट वापरणाऱ्यांना बंद केला, रेडिटने त्याच वर्षी असे दर लावले की त्यावर उभी असलेली इतरांची अ‍ॅप्स मोडली.

गप्पांच्या सेवांची गोष्ट याहून बोलकी आहे. गूगल टॉक २००५ साली ‘एक्सएमपीपी’ या खुल्या पद्धतीवर सुरू झाले. दुसऱ्या संस्थेच्या सेवेवरच्या माणसाशी त्यातून बोलता येई, ई-मेलमध्ये येते तसे. २०१३ मध्ये गूगलने त्याची जागा हँगआउट्सला दिली आणि ही सोय मागे पडली. व्हॉट्सअ‍ॅपची घडणही त्याच पद्धतीत फेरफार करून झालेली, पण ते सुरुवातीपासूनच बंदिस्त. सातारच्या टपालपेटीत टाकलेले पत्र फक्त सातारच्याच टपालपेट्या वापरणाऱ्यांना मिळेल, असे कोणी म्हटले असते तर आपण त्याला वेड्यात काढले असते. इथे आपण खुशाल मान्य केले. पूलने मक्तेदारीच्या अरुंद जागी समान वाहतुकीचे बंधन मागितले होते, पण त्याच्या डोळ्यांसमोर अरुंद जागा म्हणजे तार आणि केबल. आजची अरुंद जागा म्हणजे आपल्या ओळखीच्या माणसांची यादी. ती कोणाच्या खोलीत आहे, त्यावर सारे ठरते.

भारताने या बाबतीत काही केले नाही असे नाही. २०१५ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मते मागवली तेव्हा दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या डेटा दरांवर बंदी आली. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना त्यामुळे भारतात बारगळली. मोठाच विजय होता तो. पण तो तारेपुरता. त्याच वर्षी आलेल्या यूपीआयने एका बँकेचा ग्राहक दुसऱ्या बँकेच्या ग्राहकाला, वेगळ्या अ‍ॅपवरून पैसे पाठवू शकेल अशी व्यवस्था केली. म्हणजे आज भाजीवाल्या मावशींना कुठल्याही अ‍ॅपवरून वीस रुपये पाठवता येतात, ‘उद्या मेथी ठेवा’ हा निरोप मात्र दोघांचे अ‍ॅप एकच असल्याशिवाय त्या वाटेने जात नाही. (यूपीआयचे फार गोडवेही गाऊ नयेत. एका अ‍ॅपकडे तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत असे २०२० मध्ये ठरले आणि त्याची मुदत पुढे पुढे ढकलली जात आहे.) युरोपने डिजिटल मार्केट्स कायद्यानुसार मार्च २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपसारख्या सेवांवर, इतर सेवांनी मागणी केल्यास त्यांना जोडून घेण्याचे बंधन घातले. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने टपालाचा, दूरसंचाराचा आणि नियतकालिकांच्या नोंदणीचा, असे तीन नवे कायदे एकाच अधिवेशनात पूर्ण केले. १८९८, १८८५ आणि १८६७ चे जुने कायदे गेले. तिन्ही प्रवाह एकदम समोर असताना संगमाविषयी बोलण्याची याहून चांगली संधी कोणती? तिन्ही कायदे आपापल्या काठाने गेले. टपालाचा निरोप अडवून उघडण्याचे अधिकार वाढवणारे विधेयक संसदेने मंजूर करूनही राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नव्हती. नव्या टपाल कायद्यात तसा अधिकार देणारे कलम आले, तेव्हा वाङ्मयीन वर्तुळात त्याची चर्चा झाल्याचे माझ्या कानावर नाही.

या मांडणीवरचा सर्वांत अवघड आक्षेप राईनपाड्याचा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील या गावी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. अशा अफवा तेव्हा देशभर मोबाइलवरून फिरत होत्या. पोस्टमनने आत न पाहता सर्व काही पोचवावे, असे म्हणणाऱ्याला या पाच माणसांना ओलांडून पुढे जाता येणार नाही. पत्र एकाच घरी जाई, म्हणून पोस्टमनचे आंधळेपण सोसण्यासारखे होते; इथे एक निरोप क्षणात शेकडो घरी जातो. व्हॉट्सअ‍ॅपने त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. ती मर्यादा मला योग्य वाटते. तिच्यात कोणाचा मजकूर उघडून वाचावा लागत नाही. पण कोट्यवधी भारतीयांच्या टपालाचा नियम बदलला, तो कंपनीच्या एका घोषणेने. संसदेत चर्चा नाही, राजपत्रात सूचना नाही, हरकती मागवल्या नाहीत. उद्या पाचाचे पन्नास करायचे ठरले तरी वाट तीच.

आणि आता पोस्टमनने आणखी एक काम अंगावर घेतले आहे. प्रश्न विचारला की वेबवरची पाने वाचून तयार उत्तर देणाऱ्या सेवा शोधयंत्रांत आल्या आहेत. मूळ पानावर जाण्याची गरज उरत नाही. पूर्वी खेड्यात पोस्टमन निरक्षर माणसाला पत्र वाचूनही दाखवी, तेव्हा हे नवे काय, असे कोणी म्हणेल. पण वाचून झाल्यावर ते पत्र तो घरात ठेवून जाई. ते खुंटीच्या तारेत खोवले जाई आणि मुंबईचा मुलगा सुटीवर आला की पुन्हा वाचून घेता येई. पोस्टमनने काही गाळले असेल तर तेव्हा कळे. उत्तर देणारी खिडकी पत्र ठेवून जात नाही, फार तर खाली बारीक अक्षरात पत्ता देते. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला तो आपल्या बातम्यांच्या स्वामित्वहक्कासाठी. त्या वादात मजकुराचा मालक आहे, यंत्राचा मालक आहे. मूळ मजकूर न बदलता आपल्या हातात पडावा, असे म्हणणारा वाचक त्यात पक्षकार नाही.