त्राटिकेच्या रागाचे कारण

रागीट, भांडखोर स्त्रीला नावे ठेवण्याच्या बाबतीत आपली मराठी भाषा फारच उदार आहे. कजाग, जहांबाज, कर्कशा, कैदाशीण, जखीण, सटवी, अवदसा, त्राटिका अशी ही यादी कितीही लांबविता येईल. मोल्सवर्थच्या कोशापासून दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत यांतील शब्द पुन्हापुन्हा भेटतात. त्यांची मुळे शोधू लागल्यावर आम्हांस एका गोष्टीचे नवल वाटले. यांपैकी बरेचसे शब्द जन्मतः शिव्या नव्हतेच. त्यांतील काही एके काळी देवतांची नावे होती, तर काही शूरांची विशेषणे.

‘जखीण’ हा शब्दच पाहा. संस्कृत ‘यक्षिणी’, प्राकृत ‘जक्खिणी’ आणि मराठी ‘जखीण’ अशी त्याची सरळ वाट आहे. जैन परंपरेत यक्षी ही तीर्थंकरांची शासनदेवता. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी नेमिनाथांची, आणि नेमिनाथांची यक्षी म्हणजे अंबिका ऊर्फ कूष्मांडिनी. बसदीत पूजनीय असलेले हे नाव आपल्या ओसरीवर आले आणि शिवी झाले. बाळाच्या जन्मानंतर त्याच्या कपाळी भाग्य लिहिणारी षष्ठी म्हणजे सटवाई. तिच्याच नावाने सासू सुनेला ‘सटवी’ म्हणून हिणविते.

आमच्या सांबरा परिसरात मराठी व कानडी शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे ‘अक्का’ या शब्दाचा प्रवास येथे अधिक सहज ध्यानात येतो. कानडीत ‘अक्क’ म्हणजे थोरली बहीण. बाराव्या शतकातील वचनकर्त्या अक्कमहादेवींच्या नावात तो आदराने विराजमान आहे. मराठीतही थोरल्या बहिणीला आपण अक्काच म्हणतो. परंतु लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी, म्हणून ‘अक्काबाई’ म्हणजे अवदसा; आणि घराची वाताहत झाली की ‘अक्काबाईचा फेरा’ आला असे म्हणावयाचे!

फारसी-तुर्कीकडून आलेल्या शब्दांचीही गत वेगळी नाही. ‘कजाग’ या शब्दाचा संबंध ‘कज्जाक’ म्हणजे लुटारू स्वार याच्याशी लावला जातो. युरोपातील ‘कोसॅक’ आणि मध्य आशियातील ‘कझाक’ ही नावेही त्याच तुर्की मुळाची. घोड्यावरून मुलूख मारणाऱ्या स्वाराचे नाव चुलीपाशी बसलेल्या बाईला चिकटले, हा भाषेचा मोठाच विनोद होय. ‘जहांबाज’मधील ‘बाज’ म्हणजे खेळणारा, पणाला लावणारा. प्राण पणाला लावणारा तो ‘जांबाज’, आणि जहांबाज त्याचाच सोयरा दिसतो. सैनिकाला जांबाज म्हटले की गौरव होतो, बाईला जहांबाज म्हटले की तिची बदनामी होते. हा दोष केवळ मराठीचा नव्हे. लॅटिनमध्ये पराक्रमी स्त्रीला उद्देशून असलेला ‘व्हिरागो’ हा शब्द इंग्रजीत भांडकुदळ बाईसाठी रूढ झाला. चिचुंद्रीसारख्या प्राण्याचे ‘श्रू’ हे नाव तर मध्ययुगात दुष्ट पुरुषालाही लावीत. पुढे ते एकट्या स्त्रीच्या माथी बसले.

आता पुरुषाच्या रागाकडे वळू. तापट गृहस्थाला आपण ‘जमदग्नीचा अवतार’ किंवा ‘दुर्वास’ म्हणतो, म्हणजे रागावला तरी तो ऋषीच राहतो. दोघांत भांडण लावून देणारा ‘कळीचा नारद’ होतो, आणि नारद तर देवर्षी. तेच काम करणारी स्त्री मात्र नुसती ‘कळलावी’. ‘आग्यावेताळ’ असा एखादा शब्द पुरुषाच्याही वाट्याला येतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्याने पारडे सम होत नाही. शासकीय सेवेतही आम्ही हेच ऐकले. शिस्तीचा आग्रह धरणारा अधिकारी ‘कडक’ आणि तसाच आग्रह धरणारी अधिकारी स्त्री ‘कजाग’.

वाङ्मयात याचे ठळक उदाहरण वासुदेव बाळकृष्ण केळकर यांच्या ‘त्राटिका’ नाटकाचे. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’चे हे रूपांतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शाहूनगरवासी नाटक मंडळीने गाजविले. गणपतराव जोशी यांचा प्रतापराव आणि बळवंतराव जोग यांची त्राटिका ही जोडी रसिकांना अतिशय भावली. रूपांतर चतुर आहे, यात शंका नाही. तथापि मूळ नाटकातील नायिकेला कॅथरिन हे स्वतःचे नाव तरी आहे. मराठीत शिवी हेच तिचे नाव झाले. पडदा उघडण्यापूर्वीच तिच्यावरचा निकाल लागलेला असतो. मग ती का चिडते, हे विचारण्याची प्रेक्षकाला गरजच उरत नाही.

वाल्मीकींनी मात्र कारण सांगून ठेवले आहे. बालकांडातील ताटका ही मुळात सुकेतू यक्षाची कन्या, म्हणजे यक्षिणी. पती सुंद अगस्त्यांच्या कोपाने मारला गेला, तेव्हा ती त्यांच्यावर धावून गेली आणि शापाने राक्षसी झाली. कोप ऋषीने केला तसा तिनेही केला. ऋषीचे ऋषिपण अबाधित राहिले, तिचे रूप मात्र गेले. ताटकेची त्राटिका करताना आपण तिचे वैधव्य वगळले आणि आरडाओरडा तेवढा ठेवला. आमच्या मते या सर्व शब्दांचे कार्य हेच आहे. ते रागाला नाव देतात आणि रागाचे कारण पुसून टाकतात.

स्त्रीचा राग आपणांस पूज्य वाटतच नाही असेही नाही. १८२४ साली कंपनी सरकारशी झुंजलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मांना आपण अभिमानाने रणचंडी म्हणतो. पण १९८० च्या सुमारास निपाणीच्या तंबाखू वखारींतील स्त्रिया मजुरीसाठी व माणुसकीच्या वागणुकीसाठी संघटित झाल्या, तो रागही त्याच जातीचा होता. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ साली त्यांच्यावर अनुबोधपट केला, म्हणून त्या रागाचे कारण त्यांच्याच तोंडून नोंदले गेले. घरोघरीच्या कजाग बायांचे म्हणणे असे कोणी टिपून ठेवले नाही.

कोशांतून हे शब्द काढून टाकावेत, असे आम्ही म्हणणार नाही. कोश हा इतिहासाचा साक्षीदार असतो. मात्र यापुढे एखादीला ‘त्राटिका’ म्हणण्यापूर्वी तिचा सुंद कोणी मारला, एवढी चौकशी वाचकांनी अवश्य करावी.