'निश्चित पावसा'तलं लातूर

व्लादिमिर कोपेन मूळचा वनस्पतींचा अभ्यासक. १९०० साली त्याने जगाच्या हवामानाचे विभाग पाडले ते झाडांकडे पाहून. आकडे त्या झाडांच्या सीमांना जुळतील असे निवडले. आज झाडं मागे पडलीत, आकडे उरलेत.

प्रोग्रॅम म्हणून ही पद्धत देखणी आहे. बारा महिन्यांचं तापमान, बारा महिन्यांचा पाऊस, काही अटी, आणि उत्तर तीस प्रकारांपैकी एक. पण पुण्यावर चालवून बघा. पाऊस प्रामुख्याने उन्हाळी सहामाहीत (कोपेनच्या हिशेबात एप्रिल ते सप्टेंबर!) पडत असेल, तर सरासरी तापमानाची वीस पट अधिक २८०, इतके मिलिमीटर ही कोरडेपणाची मर्यादा. पुण्याचं तापमान २५ अंश धरलं तर ती ७८०. पाऊस त्याहून जरासाच कमी, म्हणून पुणे निमशुष्क. आकडे थोडे हलले की तेच पुणे सॅव्हाना. बेक आणि सहकाऱ्यांच्या २०१८च्या, एक किलोमीटर चौकटीच्या नकाशासोबत वर्गीकरण किती खात्रीचं आहे हे सांगणारा वेगळा थर येतो. तो कोण उघडतं? सगळीकडे फिरतो तो रंगीत नकाशा.

रेषेपेक्षा माझं भांडण सरासरीशी आहे. जुलैचा सगळा पाऊस पाच दिवसांत कोसळला आणि पुढे तीन आठवडे खंड पडला, तरी बेरीज तीच. सोयाबीन मात्र करपलेलं.

महाराष्ट्राचे नऊ कृषी-हवामान विभाग माती आणि पिकंही बघतात, म्हणून ते मला जास्त प्रामाणिक वाटतात. त्यात 'संक्रमण विभाग' आहेत. घाट आणि देश यांच्यामधला बदल हळूहळू होतो, हे मावळाला माहीत असलेलं सत्य तिथे मान्य केलंय. पण लातूर येतं 'निश्चित पावसाच्या' विभागात. २०१६च्या एप्रिलमध्ये त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. टंचाईला उसासारखी इतरही कारणं होती, हे खरं. तरीही विभाग बघून पिकांच्या शिफारशी होतात, आणि 'निश्चित' हा शब्द सरासरीच्या जोरावर दिलेला आहे.

नकाशाने रंगाऐवजी एक साधा आकडा द्यावा: गेल्या तीस वर्षांपैकी किती वर्षं हे गाव कोरड्या गटात गेलं. त्यासाठी नवा सिद्धांत नको; तोच प्रोग्रॅम दर वर्षासाठी वेगळा चालवायचा.