समांतर संगणन व इलेक्ट्रॉनिक वस्त्रे : मार्क जोन्स यांच्या संशोधनाचे समीक्षण

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाशी निगडित असलेले संगणकशास्त्रज्ञ मार्क जोन्स यांच्या संशोधनाचे समांतर संगणन आणि इलेक्ट्रॉनिक वस्त्रे असे दोन स्वतंत्र कालखंड सहज पाडता येतात. परंतु ही विभागणी वरवरची आहे. वरून आज्ञा देणारा कोणी नसताना अनेक लहान घटकांनी केवळ शेजाऱ्यांशी संवाद साधून एक कार्य कसे पूर्ण करावे, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

जोन्स व पॉल प्लासमन यांची आलेख-रंगपद्धती 1993 साली प्रसिद्ध झाली. मोठ्या समीकरणसंचातील परस्परांवर अवलंबून नसलेली अज्ञाते एकाच वेळी हाताळता येतात. ती ओळखण्यासाठी आलेखाच्या बिंदूंना रंग दिले जातात. जोडलेल्या दोन बिंदूंचा रंग सारखा नसावा, एवढीच अट. मायकेल लुबी यांच्या 1986 च्या पद्धतीत प्रत्येक फेरीस नव्याने यादृच्छिक निवड करावी लागे. जोन्स-प्लासमन पद्धतीत प्रत्येक बिंदू एकदाच यादृच्छिक संख्या घेतो, आपल्यापेक्षा मोठी संख्या असलेल्या शेजाऱ्यांचे रंग कळेपर्यंत थांबतो, नंतर उपलब्ध असलेला पहिला रंग घेऊन इतरांस कळवितो. सर्वांनी एकाच वेळी थांबण्याची गरज उरत नाही. या पद्धतीचे खरे सौंदर्य वेगापेक्षा या साधेपणात आहे.

तथापि हे ‘थांबणे’ शेजाऱ्यावरील विश्वासावर उभे आहे. मोठी संख्या असलेला शेजारी मुका झाला तर लहान बिंदू कायमचा खोळंबतो. प्रयोगशाळेतील महासंगणकावर ही भीती दुय्यम मानता येते. कापडावर मात्र येत नाही. कापड फाटते, घासले जाते, धुतले जाते.

टॉम मार्टिन व झाही नकाड यांच्यासह जोन्स यांनी केलेले वस्त्रविषयक कार्य या दृष्टीने पहिल्या कार्याची कठोर परीक्षाच ठरते. विणलेल्या विद्युत्‌वाहक धाग्यांवर त्यांनी टोकन-जाळीची रचना योजिली. तीत प्रत्येक घटक एका आडव्या व एका उभ्या वलयाचा सदस्य असतो. ताणाबाणा ठाऊक असणाऱ्यास ही रचना उपरी वाटणार नाही. वलय तुटल्यास काय, याचा विचारही या गटाने केला आहे, आणि तेथेच हे संशोधन सर्वाधिक प्रामाणिक आहे. 2003 साली ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द आय-ट्रिपल-ई’मध्ये अनेक संस्थांतील संशोधकांनी मिळून लिहिलेल्या विस्तृत लेखात जोन्स यांचाही सहभाग होता.

ध्वनिग्राहक बसविलेल्या कापडाद्वारे वाहनाच्या आवाजाची दिशा शोधण्याच्या प्रयोगात मात्र एक अडचण ठळक होते. आवाज निरनिराळ्या ग्राहकांपर्यंत पोहोचण्यातील सूक्ष्म कालांतरावरून दिशा काढली जाते. त्यासाठी प्रत्येक ग्राहकाचे नेमके स्थान माहीत असावे लागते. आलेखाला स्थान नसते, केवळ जोडणी असते. 1993 च्या पद्धतीची व्यापकता याच अमूर्ततेतून आली होती आणि कापडापाशी तीच अपुरी पडते. घडी पडलेल्या कापडावर दूरच्या धाग्यांवरील दोन ग्राहक एकमेकांस टेकतात, तेव्हा जाळीच्या लेखी ते शेजारी नसतात. आवाजाच्या लेखी मात्र असतात.